आधी साथ, मग कथा

शाळांतल्या कथाकथन स्पर्धांत गुण मिळतात ते एकट्या बोलणाऱ्याला: पाठांतराला, हावभावांना, आवाजातल्या चढउतारांना. ऐकणाऱ्यांच्या मनात काय हलले, यासाठी परीक्षकाच्या कागदावर सहसा रकाना नसतो. गोष्ट माणसाला भिडते कशी, हे मुलांना खरोखर शिकवायचे असेल, तर सिल्वासा परिसरातल्या जुन्या कथनपरंपरेकडे पाहायला हवे. तिथे सांगणारा आधी साथीदार म्हणून घडत आला. माझ्या मते कथेतल्या भावनेचे मूळही त्या साथीतच आहे.

सिल्वासा ज्या प्रदेशात आहे त्या दादरा आणि नगर हवेलीतल्या वारली, कोकणा आणि इतर आदिवासींच्या कथा छापील पुस्तकातून आलेल्या नाहीत. कोकणा कथेकऱ्याचे वाद्य म्हणजे थाळ. धातूच्या थाळीच्या मध्यभागी मेण लावून त्यात बारीक काडी उभी करतात. काडीवरून बोटांची चिमट फिरवली की थाळी घुमू लागते आणि त्या अखंड सुरावर कथा चालते. कथेकरी ओळ टाकतो, साथीदार तिचे शेवटचे शब्द उचलतो. धान्यदेवी कणसरीच्या पूजेत ही कथा असते, मृत्यूनंतरच्या विधींतही असते. वारल्यांच्या लग्नात लग्न लावणारी स्त्री, धवलेरी, गाते. तिच्यावाचून लग्न लागत नाही. ऐकणाऱ्यांना या कथा आणि गाणी आधीच माहीत असतात. कणसरीचे पुढे काय होणार, हा प्रश्न तिथे कोणालाच पडत नाही, आणि तरीही माणसे रात्र जागवतात. म्हणजे त्यांना धरून ठेवणारी गोष्ट उत्सुकता नव्हे. माहीत असलेले दुःख किंवा सुख सगळ्यांनी मिळून पुन्हा उच्चारणे, हेच त्यांना बांधून ठेवते. 1783 पासून 2 ऑगस्ट 1954 पर्यंत सिल्वासावर पोर्तुगीजांचा अंमल होता, तर शेजारी त्यातला बहुतेक काळ जव्हारचे संस्थान होते. मध्ये राज्याची सीमा असूनही दोन्हीकडे हा वारसा टिकला, तोही कोणत्याही शाळेच्या आधाराविना. थोरांच्या शेजारी बसून ओळ उचलत उचलतच तो पुढे गेला.

यावर पहिला आक्षेप असा की हा विधी आहे, देवासाठी आणि मृतासाठी. त्यात श्रोत्याच्या भावनेचा संबंध काय? पण शोकाच्या घरात रात्रभर कथा चालते तेव्हा मृतासाठी गायलेले शब्द जिवंतांच्याच कानांवर पडतात आणि त्यांच्याच तोंडून परत येतात. विधी आणि भावना तिथे वेगळ्या काढता येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे सिल्वासाची पोर्तुगीज राजवट संपवणाऱ्या 1954 च्या मुक्तिसंग्रामात उतरले होते. पुढे अनेक दशके त्यांनी शिवचरित्रावर व्याख्याने दिली, तीही एकट्याने, मागे साथीला झीलकरी न घेता. मग साथीची गरज काय? मला वाटते, त्यांच्यासमोर बसलेला श्रोता आधीच तयार झालेला होता. अफजलखानाचा प्रसंग त्याला पाठ होता, पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचा ‘जी जी’ त्याच्या कानात मुरलेला होता. साथ व्यासपीठावर दिसत नव्हती, ती समोरच्या गर्दीत होती.

आजच्या सिल्वासातली अडचण मात्र खरी आहे. कारखान्यांमुळे देशभरातून कुटुंबे इथे आली. एकाच वर्गात वारली, गुजराती, हिंदी, मराठी बोलणारी मुले बसतात, आणि त्यांना जोडणारी एकही कथा आधीपासून सर्वांच्या ओळखीची नसते. इथे नारदीय कीर्तनाची रचना उपयोगी पडते. कीर्तनकार एकदम आख्यानाला हात घालत नाही. पूर्वरंगात तो अभंगाचे निरूपण करतो, नामगजरात सगळ्या सभेला आपल्यासोबत गायला लावतो आणि मगच उत्तररंगात आख्यान सुरू करतो. अनोळखी माणसांचा जमाव तोवर एका सुरात आलेला असतो. वर्गातही हे जमेल: कथेतली एखादी ओळ आधी सगळ्यांना म्हणायला द्यावी, काही मुलांनी बरेच दिवस फक्त ती ओळ उचलावी, सांगणारा कुठे थांबतो आणि वर्ग कुठे गप्प होतो हे त्यांनी पाहावे, आणि सांगण्याची पाळी त्यानंतर यावी. स्पर्धेच्या तारखा सांभाळणाऱ्या शिक्षकाला हा वेळखाऊ मार्ग परवडणे कठीण, हे मान्य. पण आधी बदलायला हवे ते स्पर्धेचेच स्वरूप: कथेकरी आणि साथीदार दोघांनी मिळून उभे राहावे आणि गुणही दोघांना मिळून द्यावेत.