‘वंडरवॉल’च्या फिती आणि एका अप्रकाशित गाण्याचा उगम

ध्वनिमुद्रित संगीताच्या अभ्यासात तबकडीवरील लेबल हा पहिला पुरावा मानला जातो. परंतु १९६०च्या दशकातील रॉक संगीताबाबत हा साक्षीदार अनेकदा अर्धेच सांगतो, आणि जे गाणे तबकडीपर्यंत पोहोचलेच नाही त्याच्यापुरता तर तो मुकाच असतो. अशा गाण्याचा माग काढायचा झाल्यास स्टुडिओतील मूळ चुंबकीय फितींकडेच वळावे लागते. लिव्हरपूलच्या ‘रेमो फोर’ या बँडचे ‘इन द फर्स्ट प्लेस’ हे गाणे सुमारे तीस वर्षे अशाच फितींमध्ये पडून होते, आणि ज्या कामातून ते जन्मले त्याचा मोठा भाग मुंबईच्या फोर्ट भागात पार पडला होता.

जो मॅसॉट या दिग्दर्शकाने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे पार्श्वसंगीत ‘बीटल्स’च्या जॉर्ज हॅरिसनकडे सोपवले. हॅरिसनने प्रत्येक प्रसंगाची लांबी स्टॉपवॉचवर मोजून घेतली आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रण सुरू केले. भारतीय वाद्यांचा भाग मात्र भारतातच मुद्रित व्हावा, असे ठरल्याने जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला.

फिरोजशहा मेहता मार्गावरील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्या वेळी एकाच मार्गिकेवर ध्वनी नोंदवणारे, म्हणजे मोनो, यंत्र होते. डाव्या-उजव्या बाजूंचा ध्वनी वेगळा नोंदवणारे दोन मार्गिकांचे यंत्र कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर होता आणि बाहेरचा आवाज अडवण्याची सोय जवळपास नव्हती, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरील पावलांच्या आवाजापायी वादन थांबवावे लागे. काही तुकड्यांत रस्त्यावरील टॅक्सीही ऐकू येतात, असे हॅरिसनने पुढे सांगितले होते. फितीचे ऐतिहासिक मोल नेमके येथे दिसते: यंत्राने सूर टिपले, आणि सुरांबरोबर फोर्टातील कामकाजाची वेळही टिपली. सरोदवर आशीष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबला व पखवाजावर महापुरुष मिश्र यांच्यासह एस. आर. केंकरे यांची बासरी आणि चंद्रशेखर नारिंग्रेकर यांची सूरबहार, म्हणजे खर्जातील मोठ्या सतारीसारखे वाद्य, या ध्वनिमुद्रणांत आहे.

याच मुक्कामात, चित्रपटाचे काम आटोपता आटोपता, ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. फेब्रुवारीत लंडनला त्यावर गायन चढवले गेले आणि मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आले. लेबलवर नाव ‘बीटल्स’चे, आणि वाद्य मात्र एकाही ‘बीटल’ने वाजवलेले नाही. ‘वंडरवॉल म्युझिक’ या १ नोव्हेंबर १९६८ रोजी निघालेल्या तबकडीवरील ‘स्कीइंग’ या तुकड्यात एरिक क्लॅप्टनची गिटार आहे, परंतु त्या काळी तो ‘एडी क्लेटन’ या टोपणनावाआड राहिला.

लंडनच्या सत्रांत हॅरिसनला साथ होती ती ‘रेमो फोर’ची: गिटारवर कॉलिन मॅनली, कळफलकावर टोनी ॲश्टन, बेसवर फिलिप रॉजर्स आणि ड्रम्सवर रॉय डाइक. मॅनली आणि ॲश्टन यांनी रचलेले ‘इन द फर्स्ट प्लेस’ हॅरिसनच्या देखरेखीखाली जानेवारी १९६८ मध्ये मुद्रित झाले. पण दिग्दर्शकाला केवळ वाद्यसंगीत हवे आहे, अशी हॅरिसनची समजूत असल्याने हे गायनयुक्त गाणे त्याने पुढे पाठवलेच नाही. एका गाण्याचे भवितव्य एवढ्याशा गैरसमजावर ठरावे, हे रॉकच्या इतिहासाला साजेसेच म्हणावे लागेल.

१९९०च्या दशकात चित्रपटाची नवी आवृत्ती सिद्ध करताना मॅसॉटने हॅरिसनकडून मूळ ध्वनिफिती मागवल्या आणि त्यांत हे गाणे सापडले. ते नव्या आवृत्तीत घेतले गेले व १९९९ मध्ये ‘रेमो फोर’च्या नावाने प्रसिद्ध झाले. गाणे कोणत्या कामाच्या ओघात, कोणाच्या संगतीत आणि कोणत्या हेतूने झाले, हे मूळ फितींच्या संदर्भामुळे उलगडले. हॅरिसनचा त्यातील सहभाग नेमका किती, या प्रश्नाचा निकाल मात्र ध्वनी ऐकून लागत नाही. ‘बीटल’चे नाव पुढे केले असते तर गाण्याचा बाजारभाव वाढला असता यात शंका नाही, तरीही आपला उल्लेख केवळ निर्माता म्हणून व्हावा, अशी हॅरिसनची इच्छा होती. त्यावरून लेबलवरील नाव हे वस्तुस्थितीइतकेच संबंधितांच्या संमतीचेही अपत्य असते, असे म्हणता येते.

२०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ची जी नवी आवृत्ती निघाली, तीत ‘इन द फर्स्ट प्लेस’ जोडले गेले आणि त्याच्याबरोबर मुंबईतील ‘द इनर लाइट’चा एक पर्यायी टेकही, म्हणजे अंतिम निवडीबाहेर राहिलेले एक सलग वादन, प्रथमच अधिकृतपणे प्रकाशित झाला.