हात ठेवला की उमटणारा टीशर्ट

टीशर्टवर स्क्रीनने छापायच्या शाईत आज बरेच प्रकार मिळतात. तापवल्यावर फुगणारी, अंधारात चमकणारी... मला मात्र उबेने रंग बदलणारी शाई भुरळ घालते.

१९९१ साली सिएटलच्या जेनेरा कंपनीने ‘हायपरकलर’ टीशर्ट आणले. त्यांत छपाई नव्हे, अख्खं कापडच असं रंगवलेलं. रंग अतिसूक्ष्म कुप्यांत बंद; अंगाच्या उबेने आतला मेणासारखा पदार्थ वितळला की तो लोपायचा आणि खालचा रंग दिसायचा. मित्राने पाठीवर हात ठेवला की पंजा उमटायचा. (काखेतला घामही लपायचा नाही!) चार महिन्यांत सुमारे पाच कोटी डॉलरची विक्री झाली. पण गरम पाण्याने धुतलं की जादू कायमची बिघडायची. १९९२मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

तशाच कुप्या आता शाईत मिसळून छापतात. माझा तसला टीशर्ट मी थंड पाण्यातच धुतो.