बर्लिनचें अपुरें छप्पर

खेळाच्या मैदानाला छप्पर असावें कीं नसावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ गवंड्याचा आणि लोहाराचा वाटतो. पाऊस पडतो, प्रेक्षक भिजतात. छप्पर घालावें, म्हणजे झालें! परंतु बर्लिन शहरांतील एका मैदानाच्या बाबतींत या साध्या प्रश्नाचा निकाल लावतांना इतिहासालाहि पक्षकार म्हणून पुढें यावें लागलें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

बर्लिनच्या पश्चिमेस, ग्रूनेवाल्डच्या रानाजवळ, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या मधोमध ओटो मार्ख या स्थापत्यविशारदानें एक क्रीडागार बांधलें. १९१६ चे ऑलिंपिक सामने तेथें व्हावयाचे होते. १९१३ सालीं क्रीडागार खुलें झालें. पण पुढल्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि ते सामने झालेच नाहींत. नंतर १९३६ चे सामने बर्लिनच्या वांट्यास आले. हा निर्णय १९३१ सालचा, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वींचा होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. नव्या क्रीडागाराचें काम ओटोचा पुत्र वेर्नर मार्ख याच्याकडे आलें. बापाची इमारत पाडून त्याच जागीं मुलानें सुमारें एक लाख प्रेक्षक मावतील असें प्रचंड स्टेडियम उभारलें.

या इमारतीचें रूप नीट समजून घेतल्यावांचून पुढील वाद कळावयाचा नाहीं. मैदान जमिनीच्या पातळीपासून बरेंच खोल नेलेलें आहे. त्यामुळें बाहेरून वरच्या मजल्याचे दगडी खांबच काय ते दिसतात. आंत बैठकींचें लंबवर्तुळाकार कडें आहे, पण तें पूर्ण नाहीं. पश्चिमेला तें मुद्दाम तोडलेलें असून त्या खिंडाराला मॅरॅथॉन दरवाजा म्हणतात. आंत बसलेल्या माणसाची दृष्टि त्या फटींतून बाहेर जाते, ती मेळाव्यांसाठीं राखलेल्या विस्तीर्ण मायफेल्ड मैदानावरून थेट घंटेच्या उंच मनोऱ्यावर जाऊन थांबते. त्या मनोऱ्याच्या पायाशीं, १९१४ सालीं लांगेमार्क येथें पडलेल्या तरुण सैनिकांचें स्मारक उभारलेलें होतें. खेळ, लष्करी मेळावा आणि मरण हीं तिन्ही एका सरळ रेषेंत ओवलेलीं! ही रेषा सहज पडलेली नव्हे. त्या राजवटीला तरुणांच्या मनांत जें रुजवावयाचें होतें, तेंच तेथें दगडांत मांडलें होतें.

पाऊस मात्र कोणत्याहि राजवटीला जुमानीत नाहीं. १४ ऑगस्ट १९३६ रोजीं बास्केटबॉलचा अंतिम सामना उघड्यावर, चिखलानें माखलेल्या जमिनीवर झाला, आणि अमेरिकेनें कॅनडाला १९ विरुद्ध ८ गुणांनीं हरविलें. चेंडू उसळेना, तेथें गुण कोठून वाढणार? त्याच परिसरांतील हॉकीचा अंतिम सामनाहि पावसामुळें एक दिवस पुढें ढकलावा लागला. तो १५ ऑगस्टला झाला, आणि ध्यानचंदच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानानें जर्मनीवर ८ विरुद्ध १ असा विजय मिळविला, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा परिसर ब्रिटिश सैन्याच्या ताब्यांत गेला. मोडकळीस आलेला घंटेचा मनोरा १९४७ सालीं सुरुंगानें पाडण्यांत आला आणि १९६२ सालीं वेर्नर मार्खच्याच देखरेखीखालीं पुन्हा उभा राहिला. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं हेर्था हा बर्लिनचा धंदेवाईक फुटबॉल संघ या स्टेडियममध्यें खेळूं लागला. १९७४ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेतील तीन सामने येथें ठरले, तेव्हां दोन्ही लांब बाजूंवर पारदर्शक छपराचे तुकडे बसविण्यांत आले. बाकीचे प्रेक्षक पूर्वींप्रमाणेंच आकाशाखालीं राहिले.

१९९० सालीं जर्मनी एक झाली, पण स्टेडियमची दशा वाईट होती. काँक्रीट फुटत होतें, दगड काळवंडले होते. तें पाडून शेजारीं नवें बांधावें, असें कांहींचें म्हणणें पडलें. कांहीं म्हणाले, रोमच्या कोलोसियमप्रमाणें तें हळूहळू ढासळूं द्यावें. अखेर १९९८ सालीं जीर्णोद्धाराचा पक्ष जिंकला आणि काम फॉन गेर्कान, मार्ग व सहकारी या मंडळीकडे आलें. ३ जुलै २००० रोजीं या कामाची कोनशिला बसली. २००६ ची जागतिक स्पर्धा जर्मनीला मिळाल्याचें त्यानंतर तीन दिवसांनीं जाहीर झालें.

आतां छपराकडे येऊं. नव्या काळच्या क्रीडागारांत छप्पर पेलण्याची एक सोयीची युक्ति आहे. सायकलचें चाक आडवें धरलें आहे, अशी कल्पना करा. बाहेरची धांव दाबली जाते, मधलें कडें ताणलें जातें, आणि दोहोंमधील तारा सर्व भार तोलून धरतात. प्रेक्षकांच्या डोळ्यांआड येणारा एकहि खांब मध्यें लागत नाहीं. श्टुटगार्टच्या स्टेडियमवर १९९३ सालीं असेंच छप्पर चढलें. परंतु या युक्तीला कडें अखंड हवें. धांव एके ठिकाणीं कापली, कीं चाक निकामी झालें.

बर्लिनचें कडें तर मुळांतच कापलेलें. मॅरॅथॉन दरवाजावरून छप्पर पुढें नेलें असतें, तर काम सोपें झालें असतें. पण मनोऱ्याकडे जाणारी ती दृष्टिरेषा कायमची बुजली असती. पुराण वास्तूंच्या रक्षकांचा यास विरोध होता, आणि शिल्पज्ञांनींहि तो मानला. छप्पर नालाच्या आकाराचें करून दरवाजाशीं तोडण्यांत आलें. परिणामीं प्रत्येक तुळईला आपला भार आपणच पेलणें आलें. तुळया सुमारें ६८ मीटर पुढें झुकतात आणि त्यांना आधार देण्यासाठीं वरच्या बैठकींत झाडासारखे फांटे फुटलेले वीस पोलादी खांब उभे करावे लागले. खांब सडपातळ आहेत खरे. पण ज्याच्या पुढ्यांत खांब आला, त्याला इतिहासाची किंमत दर सामन्याला मोजावी लागते!

एका गुन्हेगार राजवटीनें आंखलेली रेषा जपण्यासाठीं आजच्या प्रेक्षकापुढें खांब कां रोवावा, ही शंका रास्त आहे. तिला मी हलकी लेखणार नाहीं. तरीहि मला व्यक्तिशः रक्षकांचा पक्ष अधिक पटतो. छप्पर अखंड झालें असतें, तर हें स्टेडियम इतर पन्नास स्टेडियमांसारखें दिसलें असतें, आणि तेथें काय घडलें होतें तें विसरणें फार स्वस्त झालें असतें. शिवाय त्याच दरवाजाच्या भिंतींवर १९३६ च्या विजेत्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांत चार सुवर्णपदकें मिळविणाऱ्या जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय धावपटूचें नांव आहे. यजमानांच्या वंशश्रेष्ठत्वाच्या गप्पांना त्यांच्याच दगडावर लिहिलेलें तें उत्तर आहे.

काम चार वर्षें टप्प्याटप्प्यानें चाललें आणि त्या अवधींत हेर्थाचे सामनेहि चालू राहिले. खालच्या बैठकी पाडून नव्यानें बांधल्या, मैदान आणखी अडीच मीटरांहून अधिक खोल नेलें. सुमारें २४ कोटी युरो खर्चून २००४ सालीं स्टेडियम पुन्हा खुलें झालें. ९ जुलै २००६ रोजीं इटलीनें फ्रान्सवर जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तें याच छपराखालीं.

फुटबॉलच्या भक्तांची खरी तक्रार मात्र छपराची नव्हतीच. मैदानाभोंवतीं धांवण्याचा मार्ग आहे, त्यामुळें प्रेक्षक गोलापासून दूर राहतो. तो मार्ग राखला म्हणून २००९ सालीं उसेन बोल्टनें तेथें शंभर मीटर ९.५८ सेकंदांत तोडले, ही गोष्ट वेगळी. हेर्थाला तिचा उपयोग काय? २०१७ सालीं त्या क्लबानें निव्वळ फुटबॉलसाठीं आपलें स्वतःचें वेगळें स्टेडियम बांधण्याची योजना शहरापुढें मांडली.