थंडीत न चालणारं यंत्र थंड देशांतच कसं पसरलं?

घरं गरम करण्याच्या तंत्रज्ञानाचा इतिहास हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यातल्या हीट पंपाचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाहेर उणे पंधरा असताना बाहेरूनच उष्णता आणायची? कशी काय? प्रश्न रास्त आहे. पण युरोपात लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त हीट पंप नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये आहेत! हे कसं झालं, ते आज स्वीडनच्या उदाहरणावरून पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ. तुमच्या फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावा, गरम लागेल. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप हेच काम उलट्या दिशेने करतो. त्यातला गॅस इतक्या कमी तापमानाला उकळतो की त्याच्या दृष्टीने उणे पंधराची हवासुद्धा उबदारच असते. तिथली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यावर ती तापते आणि ती उष्णता घराला मिळते. वीज खर्च होते ती मुख्यतः दाबण्यासाठी. म्हणून परिस्थिती चांगली असेल तर एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळू शकते. मात्र बाहेर जितकी जास्त थंडी, तितका हा फायदा कमी.

कल्पना नवी नाही. 1852 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी ती मांडली होती. 1938 मध्ये झुरिकच्या टाउन हॉलमध्ये लिम्माट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला आणि तो साठ वर्षांहून अधिक काळ चालला. म्हणजे थंड देशात हे जमतं हे दुसऱ्या महायुद्धाआधीच सिद्ध झालं होतं. तरीही सामान्य घरांत तो पोहोचायला अनेक दशकं गेली. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

1970 च्या सुमारास स्वीडनच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास तीन चतुर्थांश खनिज तेलातून येत होती. घरोघरी तेलाचे बॉयलर होते. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि सरकारला घाम फुटला. दुसरीकडे अणुभट्ट्या एकेक करून सुरू होत होत्या. 1985 पर्यंत त्या 12 झाल्या. महाग तेल आणि हाताशी वीज, असा मेळ जमला. सरकारने संशोधनाला पैसा दिला, घरमालकांना आर्थिक मदत दिली आणि 1980 च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात हीट पंपांची जोरात विक्री झाली.

आणि मग सगळं कोसळलं. मदत थांबली, 1986 मध्ये तेलाचे भाव घसरले, गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं. पण फक्त भावाला दोष देऊन चालणार नाही. तेजीच्या काळात अनुभव नसलेल्या बऱ्याच कंपन्या धंद्यात उतरल्या होत्या. घराला किती क्षमतेचा पंप लागेल याचा हिशोब चुकायचा, जोडणी कशीबशी व्हायची, यंत्र बिघडायचं. दुरुस्तीला बोलवायचं तर कंपनीच बुडालेली! ज्याच्या घरात ऐन हिवाळ्यात हीटिंग बंद पडतं, तो ते विसरत नाही, आणि शेजाऱ्यालाही सांगतो. यंत्राचं नाव खराब झालं ते असं.

ते नाव परत कमवायला पुढची काही वर्षं लागली. 1993 ते 1995 या काळात नूटेक या सरकारी संस्थेने वेगळा मार्ग धरला. तिने खरेदीदारांचा गट जमवला, यंत्र कसं हवं याच्या अटी ठरवल्या आणि उत्पादकांची स्पर्धा लावली. जिंकणाऱ्याला ठराविक खरेदीची हमी होती. त्यातून आलेले पंप आधीच्यांपेक्षा सुमारे 30 टक्के स्वस्त आणि तितकेच अधिक कार्यक्षम होते. सोबत त्रयस्थ चाचण्या आणि बसवणाऱ्यांचं प्रशिक्षण यांवरही भर होता. 1991 पासून कार्बन कर लागू होताच. त्यामुळे तेल जाळणं महाग पडत गेलं.

याच काळात बोअरचे पंपही रुळले. आपल्याकडे बोअर पाण्यासाठी मारतात, स्वीडनमध्ये उष्णतेसाठी! घराशेजारी खडकात शंभर-दोनशे मीटर खोल भोक पाडायचं आणि नळीतून पाणी-अल्कोहोलचं मिश्रण फिरवायचं. वर बर्फ असला तरी खाली खडकाचं तापमान वर्षभर जवळपास सारखंच, शून्याच्या वर राहतं. कडाक्याच्या थंडीत फायदा घटण्याची अडचण त्यामुळे बरीच कमी होते. आज स्वीडनमधल्या निम्म्याहून अधिक स्वतंत्र घरांत कोणता ना कोणता हीट पंप आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुतेकदा शोधांच्या तारखांनी सांगतो. त्या हिशोबाने ही गोष्ट 1852 ला सुरू होऊन 1938 ला संपायला हवी. पण 1985 आणि 1995 मधल्या स्वीडनची थंडी तीच होती, यंत्राचं तत्त्वही तेच होतं. सुधारलं ते यंत्र बनवणं, तपासणं आणि बसवणं. 2023 मध्ये जर्मनीत घरांच्या हीटिंगच्या कायद्यावरून मोठं राजकीय वादळ उठलं, तेव्हाही "थंडीत हे चालेल का?" हा प्रश्न पुन्हा आला. त्याचं उत्तर भौतिकशास्त्राने केव्हाच दिलंय. घरमालकाचा खरा प्रश्न वेगळा असतो: "जानेवारीत बंद पडला तर कोण येणार?" स्वीडनने या दुसऱ्या प्रश्नावर काम केलं, तेव्हा कुठे पहिला मागे पडला.