चेस्टनटच्या सावलीतली शिदोरी

दिवाळी अंकात बिअरवर लेख म्हटला की घरातली वडील मंडळी चष्म्यावरून पाहणार, हे मला ठाऊक आहे. चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी हा विषय शोभतो का, असे एखादी मावशी विचारीलही. पण वाचकहो, मला सांगायची आहे ती नुसत्या पेल्याची गोष्ट नव्हे. पेला ज्या झाडाखाली ठेवतात त्या झाडाची, झाडाखालच्या बाकाची आणि त्या बाकावर उघडल्या जाणाऱ्या घरच्या डब्याची ही गोष्ट आहे. राजवाडे आणि रणांगणे यांच्या बखरी पुष्कळ झाल्या. तळघराची बखर सहसा कोणी लिहीत नाही.

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया प्रांत आहे आणि म्युनिक ही त्याची राजधानी. या शहरात उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोठमोठ्या बागांतून, कुठे तळ्याकाठी, चेस्टनटच्या गर्द झाडांखाली हजारो माणसे लांबलचक लाकडी बाकांवर बसून बिअर पितात. त्यांत आजोबा असतात, सुना असतात, लिंबाचे सरबत पिणारी नातवंडेही असतात. अशा जागेला तिकडे ‘बिअरगार्टन’ म्हणतात. पाहुण्याला वाटते, कोणा रसिक राजाने हौसेने ही बाग लावली असावी. तसे मुळीच नाही. ही बाग जन्माला आली ती उष्म्याच्या धास्तीतून, आणि वाढली ती दोन धंद्यांच्या भांडणातून.

बिअर करायची म्हणजे सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे, त्याचा काढा करून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळायचा आणि मग त्यात किण्व घालून तो आंबवायचा. बव्हेरियन लोकांचे जे खास किण्व, ते पिंपाच्या तळाशी बसून, थंडीत, सावकाश काम करणारे. उष्मा वाढला की भलतेच जंतू त्यात शिरतात आणि बिअर आंबून फुकट जाते. वैशाखात विरजण केव्हा आंबट होईल याचा नेम नसतो, हे आपल्याकडे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. म्युनिकच्या कारागिराची अडचण नेमकी तीच होती.

बव्हेरियाच्या दोन ड्यूकबंधूंनी, चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी, २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे बिअरविषयीचा सुप्रसिद्ध हुकूम काढला. बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, हे त्यातले कलम जगभर गाजले. पण त्या हुकुमाचा पुष्कळसा भाग भावासंबंधी होता, हे फारसे कोणी सांगत नाही. हिवाळ्यात एका मापाला एक फेनिग आणि उन्हाळ्यात फार तर दोन, असा भाव त्यात बांधून दिला होता. उन्हाळ्याची बिअर महाग पडते, हे सरकारालाही मान्य होते असा त्याचा अर्थ. पुढे त्याच शतकात आणखी एक निर्बंध आला. २३ एप्रिलच्या संत जॉर्जच्या दिवसापासून २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या दिवसापर्यंत बिअर करायचीच नाही! एक तर ती बिघडण्याची भीती. दुसरे, कडक उन्हाळ्यात भट्ट्या पेटवल्या तर दाटीवाटीच्या गावाला आग लागण्याची भीती.

आता उन्हाळाभर प्यायचे काय? उत्तर सरळ होते. मार्चमध्ये थोडी अधिक कडक बिअर करून ठेवायची आणि ती सप्टेंबरपर्यंत टिकवायची. तिला नावच ‘मेर्त्सन’, म्हणजे मार्चची, असे पडले. टिकवायची तर गारवा हवा. गारव्यासाठी तळघर हवे. पण म्युनिकच्या सखल भागात थोडे खणले की पाणी लागे. म्हणून इझार नदीच्या उंच काठावर, टेकाडांच्या पोटात कारागिरांनी तळघरे खोदली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून आणि नद्यांवरून बर्फाच्या लाद्या कापून आणायच्या आणि पिंपांजवळ रचायच्या, असा वार्षिक क्रमच पडला.

एवढ्याने भागेना. वरून सूर्य तळघराचे छत तापवीतच होता. तेव्हा छतावरच्या जमिनीवर पांढुरकी खडी पसरली आणि झाडे लावली. निवड झाली चेस्टनटची. हे झाड मूळचे बाल्कनमधले. सोळाव्या शतकात ते व्हिएन्नाला पोहोचले आणि तिथून मध्य युरोपभर पसरले. त्याची पाने हाताच्या पंजासारखी पसरट, त्यामुळे सावली दाट. आणि मुळे फार खोल जात नाहीत, त्यामुळे तळघराच्या कमानींना धोका कमी. म्हणजे पाहा, ही झाडे माणसांसाठी लावलेली नव्हतीच. ती लावली होती पिंपांसाठी! माणूस त्या सावलीत शिरला तो मागाहून, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

पण शिरला तो कायमचाच. उन्हात तापलेला शहरवासी घागर घेऊन तळघरावर बिअर आणायला येई. तेथे सावली पाही, गार वारा अनुभवी आणि जरा टेके. कारागिरांनी त्याच्यासाठी दोन फळ्या टाकल्या. पुढे टेबले आली, मग बिअरबरोबर खाणे आले. झाले! शहरातल्या खाणावळवाल्यांचे धाबे दणाणले. उन्हाळा आला की त्यांची गिऱ्हाइके उठून नदीकाठी जाऊ लागली. खाणावळवाले राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले.

राजा होता पहिला मॅक्सिमिलियन जोसेफ. बव्हेरियाला राजपद मिळून तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. त्याने ४ जानेवारी १८१२ रोजी जो निवाडा दिला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कारागिरांनी आपापल्या तळघरांवर आपली बिअर किरकोळ विकावी. सोबत पाव द्यावा. मात्र अन्य खाद्यपदार्थ किंवा पेये देऊ नयेत. कारागिराची बिअर राहिली, खाणावळवाल्याचे जेवण राहिले. आणि गिऱ्हाइकाचे काय? त्याने आपली शिदोरी घरून बांधून आणली. कायद्याने विकणाऱ्याचा हात बांधला, खाणाऱ्याचा नव्हे.

कालांतराने ती बंदी उठली. आज तिथे भाजलेले मासे मिळतात, कोंबडी मिळते, आपल्या चकलीची जाडजूड मावसबहीण शोभेल असा ‘ब्रेत्सेल’ मिळतो. पण शिदोरीचा हक्क मात्र लोकांनी सोडला नाही. टेबलावर कापड अंथरलेले असेल तर ते वाढप्याचे टेबल; तिथे मागवून खायचे. टेबल उघडे असेल तर ते तुमचे. डबा सोडा आणि बसा. फक्त पेय तेवढे तिथलेच घ्यायचे.

एका जूनमध्ये मी अशा उघड्या टेबलाशी बसलो होतो. जागा होती म्युनिकच्या इंग्लिश गार्डनमधल्या क्लाइनहेसेलोअर तळ्याचा काठ. हे उद्यान बेंजामिन थॉम्सन या अमेरिकेत जन्मलेल्या गृहस्थाच्या कल्पनेतून उभे राहिले. पुढे तो काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्धीस आला. राज्यकर्ता कार्ल थिओडोर याने उद्यानाचा हुकूम काढला तो १३ ऑगस्ट १७८९ रोजी. पॅरिसमध्ये बॅस्तिल पडून तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता! १७९२ मध्ये उद्यान सर्व नागरिकांना खुले झाले आणि १८०० च्या सुमारास हे तळे खोदण्यास आरंभ झाला. गंमत अशी की, याच रम्फर्डने म्युनिकमध्ये तोफांची नळकांडी कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवर प्रयोग केले आणि उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, असे १७९८ मध्ये मांडले. उष्णतेचे मर्म शोधणाऱ्याने शहराला गारव्याची जागा दिली.

माझ्यासमोर एक वृद्ध बाई येऊन बसली. ‘येथे जागा आहे का?’ एवढे खुणेनेच विचारले, मी सरकलो. तिने पिशवीतून चौकड्यांचे फडके काढले, त्यावर पाव, चीज आणि एक पांढराशुभ्र मुळा मांडला. मुळ्याची तिने अशी काही गोल गोल चकती कापली की तो अखंड राहूनही अकॉर्डियनसारखा उलगडला. वर मीठ भुरभुरले, पाणी सुटू दिले आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. मुळा परदेशात इतका मानाने वाढलेला मी कधी पाहिला नव्हता. पेल्यातली बिअर फिकट सोनेरी, बेताची कडू, आणि तिच्यामागे भाजक्या धान्याचा खमंग वास. पाण्यावर बदके, होड्यांतून मुले. ती बाई आणि मी यांना जोडणारे चार शब्दही नव्हते, तरी पंगत झाली होती.

आता इतिहासाचा पुढचा दुवा. १८७० नंतरच्या दशकात म्युनिकच्या तंत्रविद्यालयातला प्राध्यापक कार्ल लिंडे याने शीतयंत्र तयार केले. त्याच्या प्रयोगाला आपला कारखाना देऊ केला तो श्पाटन ब्रुअरीच्या गाब्रिएल झेडलमायरने. यंत्र सुधारत गेले आणि बारमाही थंडी माणसाच्या हाती आली. तळघरे, बर्फाच्या लाद्या, मार्चची घाई, सारेच निकामी झाले. हिशेबाने पाहता चेस्टनटची झाडेही तोडायला हवी होती. पिंपांना त्यांची गरज उरली नव्हती. पण तोपर्यंत त्यांच्याखाली माणसांच्या काही पिढ्या वाढल्या होत्या.

यंत्राबरोबर कारखाने वाढले आणि छोटे कारागीर मागे पडले. अलीकडे मात्र जगभर हाताने, थोडी थोडी बिअर करणाऱ्यांचा नवा वर्ग निघाला आहे. म्युनिकमध्येच २००६ साली गीझिंग भागात एका गॅरेजमध्ये अशी ब्रुअरी सुरू झाली. आपल्या पुण्यातही २००९ पासून जागच्या जागी ताजी बिअर करणारी छोटी ब्रुअरी आली. चांगले पेय घाईने होत नाही, ही जुनी गोष्ट या मंडळींना नव्याने पटली आहे. पण चव परत आणणे सोपे. बाक परत आणणे अवघड.

कारण बाक आपोआप सर्वांचा राहत नाही. म्युनिकच्या तळघरांवर बागांबरोबर मोठाली सभागृहेही उठली होती. त्यांपैकी ब्युर्गरब्रॉयकेलर येथे ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री हिटलर पिस्तूल घेऊन घुसला आणि त्याने उठाव पुकारला. तो फसला, पण दहा वर्षांनी तोच माणूस सत्तेवर आला आणि शेजाऱ्याला बाकावरून उठवणे हाच देशाचा कायदा झाला. त्याच सभागृहाच्या खांबात ग्योर्ग एल्झर नावाच्या एका साध्या सुताराने रात्री रात्री लपून बॉम्ब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी तो फुटला, तेव्हा हिटलर तेरा मिनिटे आधी निघून गेला होता. आठ माणसे मेली. एल्झरला ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउच्या छळछावणीत ठार मारले. ते सभागृह १९७९ मध्ये पाडले गेले. आपल्याकडच्या पारावरही, वडाने सावली सर्वांवर सारखीच धरली तरी, माणसांनी सर्वांना सारखे बसू दिले नव्हते. झाडाचा धर्म वेगळा आणि माणसाचा वेगळा.

म्हणूनच १९९५ ची हकीगत मला नुसती गमतीची वाटत नाही. म्युनिकजवळ ग्रोसहेसेलोअ येथल्या एका जुन्या बागेच्या गोंगाटाबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि न्यायालयाने तिला रात्री साडेनऊलाच बंद करायला लावले. शेजाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. झोप सर्वांनाच हवी. पण जूनमध्ये तिकडे साडेनऊलाही आकाशात उजेड रेंगाळत असतो. १२ मे १९९५ रोजी वीस हजारांहून अधिक लोक म्युनिकच्या मुख्य चौकात जमले. ना दगड, ना काठी. मागणी एकच, आमची संध्याकाळ आम्हांला द्या. सरकारने नियम केला, वरच्या न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि अखेर १९९९ मध्ये नवा नियम आला. रात्री दहाला संगीत बंद, साडेदहाला वाढणे बंद, अकरापर्यंत सामसूम. बाकाला बाक मिळाला, उशीला उशी.

या नियमापुढे सरकारला एक नाजूक प्रश्न सोडवावा लागला. ही सवलत मिळणार ती ‘बिअरगार्टन’ला, पण बिअरगार्टन म्हणायचे कशाला? उघड्यावर चार खुर्च्या मांडणारा कोणीही उठून हक्क सांगेल! तेव्हा दोन खुणा ठरल्या. पहिली, जागेला बागेचे रूप हवे. आणि दुसरी, तिथे येणाऱ्याला आपले खाणे घरून आणून खाण्याची मुभा हवी. खाणावळवाल्यांची समजूत घालण्यासाठी १८१२ मध्ये काढलेली तोड १८७ वर्षांनी त्या जागेची ओळख होऊन बसली. कोणती बिअर, किती थंड, कोणाच्या कारखान्यातली, याचा त्या व्याख्येत उल्लेख नाही. शिदोरीचा आहे.