स्वस्त घर, टिकाऊ वस्ती : बीरशेबाचा धडा

घर स्वस्तात बांधणे ही एक गोष्ट आणि त्या घरात गरिबाला स्वस्तात राहता येणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर आपल्या बेने इस्राएल कुटुंबांनी या देशात चांगलेच अनुभवले आहे. आज अनेक शहरांत जुनी शिकूने पाडून उंच इमारती उभारण्याच्या योजना पुढे येत आहेत. अशा वेळी या वस्त्या कशा घडल्या, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

1948 च्या मे महिन्यापासून 1951 च्या अखेरपर्यंत सुमारे 6 लाख 80 हजार ओलीम येथे आले आणि देशाची ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. 1950 पासून मआबारा या नावाने तात्पुरत्या छावण्या उभ्या राहिल्या. 1951 साली दोन लाखांहून अधिक माणसे तेथे तंबूंत व पत्र्याच्या खोपटांत दिवस काढीत होती. सार्वजनिक घरांच्या व्यवस्थेसाठी 1949 साली ‘अमिदार’ ही कंपनी स्थापन झाली होती, तर वास्तुशिल्पी अर्ये शारोन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला देशाचा आराखडा 1951 मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी घरे लहान होती. कित्येक तर तीसएक चौरस मीटरांचीच. परंतु तंबूतल्या माणसाला आधी छप्पर हवे असते. त्या घाईला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

चूक झाली ती निराळ्याच ठिकाणी. बीरशेबाच्या पहिल्या वसाहती इंग्लंडच्या ‘उद्याननगरी’च्या धर्तीवर आखल्या गेल्या. घरे विरळ आणि मध्ये प्रशस्त मोकळ्या जागा, अशी ती रचना होती. इंग्लंडच्या पावसात तेथे हिरवळ वाढली असती. पण बीरशेबाला वर्षाकाठी जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या जागांत धूळ उडू लागली. रस्ते व नळ लांबले, त्यांचा खर्च वाढला आणि बाजारहाटासाठी भर उन्हात पायपीट करावी लागली. सावलीही नाही आणि शेजारही नाही, अशी स्थिती झाली.

हे उमगल्यावर 1960 च्या सुमारास त्याच शहरात ‘शखुनात हादुग्मा’, म्हणजे नमुनेदार वसाहत, आखण्यात आली. तिच्या एका भागात झोलोतोव व हावकिन या वास्तुशिल्पींनी सतरंजीप्रमाणे एकमेकांना बिलगलेली बैठी घरे रचली. प्रत्येक घराला आतले लहानसे अंगण आणि घरांमधून पायी जाण्यापुरत्या अरुंद गल्ल्या. भिंतीच एकमेकींवर सावली धरू लागल्या आणि वाळूचा वाराही अडला. कोकणातील आपल्या पूर्वजांचे घर पावसासाठी होते, हे उन्हासाठी. पण तत्त्व एकच. उतरते छप्पर, ओटी, पडवी, परसू ही काही शोभा नव्हती. हवामानाशी जुळवून घेण्याची आणि शेजारधर्म सांभाळण्याची ती गरिबाला परवडणारी युक्ती होती.

दुसरे उदाहरण आपल्या गच्चीवरच आहे. सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारा दूद शेमेश या देशात 1950 च्या दशकात लेवी यिस्सार यांनी प्रचारात आणला. 1973 च्या तेलसंकटानंतर त्याचे मोल सर्वांना पटले आणि 1980 साली नव्या निवासी इमारतींना तो कायद्याने सक्तीचा झाला. निसर्ग राखणारी वस्तू गरिबाचे वीजबिलही कसे राखते, याचा याहून सोपा धडा नाही.

तिसरा धडा माणसांचा. पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी 1977 साली घोषित केलेली वस्ती-सुधार योजना पुढील वर्षी सुरू झाली. तीत मोडकळीस आलेल्या वस्त्या उठवून न लावता घरे वाढविणे आणि दुरुस्त करणे यांवर भर होता. स्थानिक समित्यांत रहिवाशांच्या प्रतिनिधींनाही स्थान मिळाले. जेथे रहिवाशाचे म्हणणे ऐकले जाते, तेथे तो जिना झाडतो, झाड लावतो, वस्ती आपली मानतो.

आता ‘पिनुई-बिनुई’चा, म्हणजे पाडून पुन्हा बांधण्याचा, काळ आला आहे. नवे घर मोठे मिळते, भूकंपाच्या दृष्टीने अधिक मजबूत असते आणि त्यात संरक्षित खोलीही असते. हे लाभ थोडे नव्हेत. 2022 पासून नव्या इमारतींना हरित बांधकामाचे प्रमाणकही सक्तीचे झाले आहे. परंतु उद्वाहन, पंप आणि सफाई यांचा मासिक खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आजीआजोबांनी कोठून द्यावा? क्षेत्रफळ वाढले की आर्नोनाही वाढतो. घर फुकट मिळाले आणि त्यात राहणे परवडेना, तर म्हाताऱ्या माणसांना शेजार सोडून परक्या गावी जावे लागेल. मग त्यांचा शब्बाथ एकाकी होईल आणि सिनेगॉगला मिन्यान जमणे कठीण होईल.

म्हणून आपल्या कुटुंबांना आमची विनंती आहे की, सही करण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. मासिक खर्च किती येईल व पहिली काही वर्षे तो कोण सोसेल? घरात सावली व वारा यांची सोय काय? सिनेगॉग व बसण्याची जागा कोठे राहील? वृद्ध घरमालकांसाठी कायद्याने ठेवलेले पर्याय कोणते? ज्यांना हिब्रू कागद वाचता येत नाहीत, त्यांच्याजवळ तरुणांनी बसावे व प्रत्येक कलम मराठीत समजावून द्यावे. बीरशेबाची पहिली वसाहत रहिवाशांना न विचारता आखली गेली. तो इतिहास आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडू नये.