काचतंतू नेमका कुठे तुटतो?

प्लॅस्टिकचा इतिहास शिकवताना आपण बहुधा पेटंटांची सनावळी सांगतो. 1872 साली अमेरिकेत हायट बंधूंनी इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्राचे पेटंट घेतले. 1938 साली ओवेन्स-कॉर्निंग ही काचतंतूंची कंपनी स्थापन झाली. 1950 च्या दशकात रेक्सफर्ड ब्रॅट यांनी काचतंतूयुक्त दाणे साच्यात भरण्याची पद्धत विकसित केली. या सनावळीत एक गोष्ट सुटते. दाण्यातला तंतू वस्तूत पोहोचेपर्यंत तुटून आखूड झालेला असतो.

लांबीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर उशिरा मिळाले. केली आणि टायसन यांनी 1965 साली तांब्यात टंगस्टनच्या तारा बसवून केलेल्या अभ्यासातून 'क्रांतिक लांबी'ची कल्पना रूढ झाली. 10 मायक्रॉन जाडीचा, 2000 मेगापास्कल ताणबळाचा तंतू घेतला आणि प्लॅस्टिकशी त्याची पकड 40 मेगापास्कल धरली, तर ही लांबी पाव मिलिमीटर येते. त्याहून आखूड तंतू पूर्ण भार पेलण्याआधीच निसटतो. म्हणजे महागडी काच घालूनही तिचे बळ वाया जाते.

गंमत अशी की, ज्या सुधारणेने हा उद्योग वाढला तीच तंतूंच्या मुळावर आली. पूर्वीचा दट्ट्या प्लॅस्टिक नुसते पुढे ढकलत असे. विल्यम विलर्ट यांच्या 1956 च्या पेटंटातील मागेपुढे सरकणारा स्क्रू ते फिरवत, घुसळत वितळवतो. माल एकजीव होतो, तंतू मात्र तुटतात.

संशय साहजिकच साच्याच्या अरुंद तोंडावर जातो. तेथेही तंतू तुटतातच. परंतु फॉन टुर्कोविच आणि अर्विन यांनी 1983 साली स्क्रू-यंत्रात दाखवले की मुख्य मोडतोड प्लॅस्टिक वितळत असतानाच होते. तंतूचे एक टोक अजून घट्ट असलेल्या दाण्यात रुतलेले असते, दुसरे वाहत्या रसात ओढले जाते. तंतू वाकतो आणि मोडतो. म्हणून खोल आट्यांचा स्क्रू, मंद फेरे आणि कमी प्रतिदाब हे उपाय आले. 10-12 मिलिमीटर लांब तंतूंच्या दाण्यांना तर ते अधिकच आवश्यक ठरतात.

या अभ्यासातली खरी अडचण मोजणीची आहे. नमुना भट्टीत जाळून उरलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पण चिमट्याने उचलताना काही तंतू तिथेच तुटतात, आणि लांब तंतू चौकटीबाहेर गेल्याने मोजणीतून गळतात. जुने आकडे वाचताना ते कसे मोजले होते, हे आधी पाहावे लागते.